मेणाच्या झाकणातली पुट्टी

माझ्या मामांना अख्खा कारखाना मामा म्हणायचा आणि त्याचं खापर माझ्यावर फुटतं. मी एकोणीस वर्षांची असताना त्यांनीच मला तिथे कामाला लावलं. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांदेखत 'मामा, माझा डबा तुमच्या पिशवीत राहिला' असं ओरडले आणि त्या क्षणापासून त्यांचं खरं नाव पुसलं गेलं. मालक त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे, तेही मामाच म्हणायचे. मामांनी त्यावरून मला कधी धारेवर धरलं नाही. 'फुकटात साठ भाचे मिळाले,' म्हणाले, 'आणि एकालाही शाळेत घालायचं नाही. काय वाईट आहे?'

आमचा कारखाना जळक्या मोटरींचा. पाण्याच्या, गिरणीच्या, लिफ्टच्या, कुठकुठच्या मोटरी जळून आमच्याकडे येतात. आम्ही बायका त्यांची जळकी तार उपसून काढतो, नवी तार गुंडाळून बसवतो आणि तारेचे गुच्छ दोऱ्याने आवळून बांधतो. दोरा घट्ट बसावा म्हणून तो आधी मेणावरून ओढून घ्यायचा. प्रत्येकीच्या टेबलावर बूटपॉलिशच्या डबीचं एक झाकण असतं आणि त्यात मेणाचा गोळा. नवा असतो तेव्हा पिवळा. आठवड्याभरात आमच्या बोटांची काजळी, तांब्याचा भुगा आणि वॉर्निशचे डाग लागून असा राखाडी होतो की बघवत नाही.

मामा शेवटच्या टेबलावर. त्यांनी ऐकल्याशिवाय एकही मोटर फाटकाबाहेर जायची नाही. मोटर चालू करायची, लांब दांड्याच्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या जागी टेकवायचं, लाकडी मूठ उजव्या कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. दहा अंक मोजून होईपर्यंत हा माणूस या जगात नसायचा. मग एकतर खडूने बरोबरची खूण करायचे, नाहीतर म्हणायचे, 'मागचं बेअरिंग. आतली एक गोळी गेलीय.' उघडून बघितलं की एकच गोळी खरवडलेली असायची. मालकांनी एकदा थरथर मोजायचं यंत्र आणलं होतं. दोन महिने यंत्र आणि मामा यांची जुंपली. आता ते यंत्र कपाटात आहे.

ऐकताना डाव्या कानात ते मेणाचा बोळा घालायचे. मेण माझ्या झाकणातलं, कारण माझं टेबल त्यांच्या शेजारी. न बघता हात लांब करायचे, चिमूटभर मेण तोडायचे, दोन बोटांत गोल वळायचे आणि अंगठ्याने आत दाबायचे. सकाळी दहाला घातलेला बोळा जेवणाच्या सुट्टीत निघायचा. 'इकडचा गोंगाट नको,' म्हणायचे. ऐकणाऱ्याची तऱ्हा म्हणून आम्ही ते मान्य करून टाकलं होतं. त्यांच्या अशा बऱ्याच तऱ्हा होत्या. कुणी मागून हाक मारली तर वळायचे नाहीत. 'समोर ये, समोर बोल,' असं मालकांनासुद्धा सांगायचे, आणि नवी माणसं त्यांना गर्विष्ठ समजायची. जेवताना भिंतीला उजवा खांदा लावून बसायचे. विनोद झाला की सगळ्यांचं हसून झाल्यावर हसायचे. आम्ही त्यांना ट्यूबलाइट म्हणायचो, तोंडावर. मी सगळ्यात जास्त म्हणायची. अकरा वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी बसले आणि मला काहीही कळलं नाही, हे मला आधी कबूल केलं पाहिजे.

त्या दिवशी एका मोटरीच्या जोडणीच्या पेटीला चीर गेलेली निघाली. ती बुजवायला मी पुट्टी मळायला घेतली. ही पुट्टी दोन कांड्यांची असते, एक काळी आणि एक पांढरी. वेगळ्या ठेवल्या तर वर्षभर मऊ राहतात. सारख्या घेऊन एकत्र मळल्या की राखाडी गोळा होतो, हाताला कोमट लागायला लागतो आणि तासाभरात दगड. मी चीर बुजवली. सुपारीएवढी पुट्टी उरली. ती ठेवायची कुठे म्हणून मी माझ्या झाकणात ठेवली. मेण संपत आलं होतं, त्याचा उरलेला तुकडा दोऱ्याबरोबर माझ्या मांडीवर होता. तेवढ्यात मालकांनी हाक मारली आणि मी तो तुकडा मुठीत घेऊनच उठले.

परत येत होते तेव्हा मामा बोळा वळत होते. तोंड माझ्याकडेच होतं.

'आज मेण गरम लागतंय गं,' ते म्हणाले.

मी चालता चालता म्हणाले, 'मामा, वय झालं की सगळंच गरम-थंड लागायला लागतं.'

ते एका क्षणाने हसले, नेहमीप्रमाणे, आणि बोळा अंगठ्याने आत दाबला. मी बसले, मुठीतल्या मेणावरून दोरा ओढला आणि कामाला लागले. झाकणाकडे माझं लक्षसुद्धा गेलं नाही. हे मी कितीतरी वेळा मनात परत चालवून बघितलं आहे. प्रत्येक वेळी मी तेच बोलते आणि ते हसतात.

जेवणाची घंटा झाल्यावर ते हात धुवायच्या नळापाशी गेले. मी डबे काढले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बघायला गेले तर ते भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि कान ओढत होते. शर्टाची कॉलर ओली झाली होती. माझी चाहूल लागली नाही. मी खांद्याला हात लावला तसे दचकले.

'निघत नाहीये,' ते म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा बराच मोठा होता. 'दगडासारखं झालंय. पिन दे.'

मी केसातली पिन काढून दिली. लहान मुलांना कानात पिन घालू नका असं सांगणारी मी, विचार न करता दिली. त्यांनी ती बोळ्याच्या कडेने घालायचा प्रयत्न केला. बोळा हलला, पण बाहेर आला नाही, आत गेला. त्यांचा चेहरा वाकडा झाला.

'मामा, असू दे, डॉक्टरकडे जाऊ,' मी म्हणाले.

ते भिंतीकडेच बघत होते. मी उजव्या बाजूला होते, वीतभर अंतरावर. मी पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा जवळजवळ ओरडले. पापणीसुद्धा हलली नाही. बोळा तर डाव्या कानात होता.

त्यांनी वळून माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना कळलं की मला कळलं.

'उजवा गेलेला आहे,' ते म्हणाले. 'नऊ वर्षं झाली. तापात गेला. एका सकाळी उठलो तर नव्हताच.' नळ चालू होता, तो बंद करायचं त्यांना सुचलं नव्हतं. 'मालकाला कळलं तर ते यंत्र कपाटातून बाहेर येईल. तू कुणाला सांगायचं नाहीस. तुझ्या मामीलाही नाही. शपथ घे.'

मी माझ्या गळ्याला हात लावून शपथ घेतली. मग मी पिशवी घ्यायला टेबलापाशी गेले, आणि झाकण दिसलं. त्यात राखाडी गोळा होता, एका बाजूने चिमूट तोडलेला. मी नखाने दाबून बघितला. नख वाकलं. गोळा झाकणाला असा चिकटला होता की झाकण उलटं केलं तरी पडेना.

मी ते झाकण पिशवीत टाकलं. कुणाला दिसू नये म्हणून, दुसरं काही नाही. माझ्या हाताने हा माणूस बहिरा झाला, हे वाक्य डोक्यात तयार झालं होतं आणि ते कुणी मोठ्याने म्हणू नये एवढीच माझी धडपड होती. मामांचा एकुलता एक कान, आणि मी विचार कशाचा करत होते तर स्वतःचा. लोक म्हणतात, घाबरलं की माणसाला काही सुचत नाही. खोटं आहे. मला भराभर सुचत होतं.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले डॉक्टर ओळखीचे. कापलं, भाजलं, डोळ्यात कण गेला की आम्ही तिथेच जातो. त्यांनी कानात दिवा घालून बघितलं आणि विचारलं, 'काय आहे हे?'

मामांना ऐकू आलं नाही. ते माझ्याकडे बघत होते.

'मेण,' मी म्हणाले. 'मेणाचा बोळा. रोज घालतात.'

'मग सोपं आहे,' डॉक्टर म्हणाले.

त्यांचा काहीही दोष नाही. मेण म्हटल्यावर कुणीही हेच केलं असतं. त्यांनी तेलाचे थेंब घातले, पंधरा मिनिटं बसवलं, मग मोठ्या पिचकारीने कोमट पाणी मारलं. पाणी जसंच्या तसं बाहेर आलं. दुसऱ्यांदा जोराने मारलं तसे मामा खुर्चीला घट्ट धरून बसले, खोली फिरतेय म्हणाले आणि ओकले. मी त्यांचं कपाळ धरलं. मला तेव्हा सांगता आलं असतं. डॉक्टरांनी बारीक चिमटा घेतला. चिमटा निसटत होता, कारण धरायला काही नव्हतंच, गुळगुळीत टणक पाठ तेवढी होती. तिसऱ्यांदा निसटला तेव्हा बोळा सरकला. मामांच्या तोंडून जो आवाज आला तो मी आधी कधी ऐकला नव्हता, आणि कानातून रक्ताची बारीक धार मानेवर उतरली.

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला. 'मी याला आता हात लावणार नाही,' ते म्हणाले. 'तडक कानाच्या दवाखान्यात जा. चिठ्ठी देतो.' चिठ्ठीत त्यांनी लिहिलं, मेणाचा खडा.

रिक्षात मामा कानावर कापूस धरून बसले होते. रस्त्यावरचं काहीच त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं, हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं. एक ट्रक अगदी चिकटून भोंगा वाजवत गेला, मी दचकले, ते नाही. थोड्या वेळाने ते स्वतःशीच बोलल्यासारखं मोठ्याने म्हणाले, 'हा एक गेला तर मी संपलो.' रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. मी मामांचा हात धरला. त्यांना वाटलं मी धीर देतेय, म्हणून त्यांनीच माझ्या हातावर थोपटलं. त्या थोपटण्याने माझा जो काही धीर उरला होता तो गेला.

मामीला मी फोन केला होता, ती आमच्या आधी पोचली. मामी म्हणजे बोलणारी बाई. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत आणि मिटल्यावरही थोडा वेळ. पायऱ्यांवर तिने मामांना धरलं आणि सुरुवात केली, किती वेळा सांगितलं ते घाण मेण घालू नका, ऐकाल तर शपथ, आता बघा. ती त्यांच्या उजव्या बाजूने चालत होती, हात त्यांच्या काखेत घालून, आणि सरळ त्या मेलेल्या कानात बोलत होती. मामा मान डोलवत होते. मी मागून चालत होते आणि मला ते बघवत नव्हतं.

कानाच्या डॉक्टर एक बाई होत्या. बारीक चणीच्या, आवाज खालचा, डोक्याला दिव्याचा पट्टा. त्यांनी मोठ्या दुर्बिणीखाली मामांना आडवं केलं आणि बराच वेळ आत बघत राहिल्या. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाल्या, 'हे मेण नाही. मेण एवढ्या तेलात आणि गरम पाण्यात कधीच ढिलं झालं असतं. काय आहे हे, मला नक्की सांगा. त्यावर सगळं ठरणार आहे.'

मामी म्हणाली, 'अहो मेणच आहे. रोजचं आहे.'

मी पिशवीतून झाकण काढलं आणि टेबलावर ठेवलं.

'पुट्टी आहे,' मी म्हणाले. 'दोन कांड्यांची. मी मळली होती. मेणाच्या झाकणात ठेवली आणि विसरले. त्यांनी मेण समजून घेतली.'

डॉक्टरबाईंनी झाकण उचलून गोळ्यावर नख मारलं. 'हे तुम्हाला कधी कळलं?'

'जेवणाच्या सुट्टीत.'

'म्हणजे दवाखान्यात जायच्या आधी.' त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. 'तिथे सांगितलं असतं तर त्यांनी हात लावला नसता. सुरुवातीला हे कानाच्या बाहेरच्या भागात असणार, तिथून काढणं इतकं अवघड नसतं. आता ते पडद्याला टेकलंय आणि सगळीकडे सोललेलं आहे.'

मामी माझ्याकडे बघत होती. तिचं बोलणं बंद पडलं होतं.

'उद्या सकाळी पूर्ण भूल देऊन काढू,' बाई म्हणाल्या. 'बारीक यंत्राने फोडून तुकडे करावे लागतील. पडदा फाटू शकतो. अगदी वाईट म्हणजे त्यामागची नाजूक हाडं हलू शकतात. दुसरा कान कसा आहे?'

मामी म्हणाली, 'चांगला आहे. तो तर त्यांचा कामाचा कान.'

मी शपथ मोडली. 'तो गेलेला आहे,' मी म्हणाले. 'नऊ वर्षं.'

मामी खुर्चीत बसली. 'नाही,' ती हळूच म्हणाली. 'मी रोज त्या बाजूने बोलते. रात्री मी उजवीकडे झोपते. मी बोलते आणि ते हुं म्हणतात.'

बाईंनी दोन पात्यांचा एक लोखंडी नादकाटा काढला, टेबलावर आपटला आणि त्याचा दांडा मामांच्या कपाळाच्या मधोमध टेकवला. मामांनी डाव्या कानाकडे बोट दाखवलं. मग बाईंनी तो उजव्या कानामागच्या हाडावर ठेवला. मामांनी पुन्हा डावीकडेच बोट दाखवलं. मी त्यांना मामांचं काम सांगितलं, स्क्रू-ड्रायव्हर, मूठ, बोळा, सगळं.

'आवाज हाडातून पलीकडे जातो,' त्या म्हणाल्या. 'ते दांडी उजवीकडे लावायचे, पण ऐकायचा आतला डावाच. आणि डावा बाहेरून बंद असला की हाडातला आवाज आणखी मोठा वाटतो. म्हणून बोळा.' त्यांनी काटा हातात धरून थांबवला. 'म्हणजे या माणसाला एकच कान आहे, आणि मला उद्या त्यातच हत्यार घालायचंय.' सहीच्या कागदावर टेकवलेलं पेन त्यांनी उचलून घेतलं. 'हे त्यांना समजलं पाहिजे. लिहूनच सांगते.'

एक वही आली. बाईंनी धोके लिहिले. मामांनी ते सावकाश वाचले, एकेका ओळीवर बोट ठेवून. मग वर बघून म्हणाले, 'पण मेण दगड कसं झालं?'

प्रश्न सगळ्यांना होता, पण वही माझ्यासमोर आली. मामीने सरकवली. मी लिहिलं. अक्षर इतकं वाईट आलं की एक ओळ खोडून पुन्हा लिहावी लागली. झाकण, पुट्टी, हाक, आणि दुपारी कळलं होतं तरी मी डॉक्टरांना मेण सांगितलं. शेवटचं वाक्य लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं, नख लावून लाकूड सोललं आणि पुरं केलं. माफी लिहिली नाही. त्या वाक्याखाली ती फार स्वस्त दिसली असती.

मामांनी वाचलं. दोनदा वाचलं. मग झाकण हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि गोळ्याच्या तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, मोटरीवरून फिरवायचे तसाच.

'मळली मात्र चांगली आहेस,' ते म्हणाले. 'एकही रेघ राहिलेली नाही.' आवाज इतका मोठा होता की बाहेर बाकावर बसलेल्या लोकांनी आत वाकून बघितलं. मग त्यांनी कागदावर सही केली. सही रेघेबाहेर गेली, बाईंनी पुन्हा करायला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आत नेलं आणि साडेतीन तास दार उघडलं नाही. मामी आणि मी एकाच बाकावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून. मी दोनदा चहा आणला, तिने दोनदा तो बाकाखाली ठेवला. एकदाच बोलली, तेही समोरच्या भिंतीशी. 'नऊ वर्षं भिंतीशी बोलले असते तरी चाललं असतं.' बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातातल्या स्टीलच्या वाटीत सात तुकडे होते. सगळ्यात मोठ्या तुकड्याच्या सपाट बाजूवर अंगठ्याचा ठसा होता, रेघ न् रेघ स्पष्ट. पडद्याचं मोठं नुकसान झालंय, त्या म्हणाल्या. आतलं किती वाचलं ते दहा दिवसांनी कानातली पट्टी काढल्यावर कळेल.

ते दहा दिवस मी रोज काम सुटल्यावर त्यांच्या घरी जात होते. मामी दार उघडायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. कारखान्यात रजेसाठी दिलेल्या दवाखान्याच्या कागदांवरून मालकांना सगळं कळलं होतं. यंत्र कपाटातून बाहेर आलं होतं आणि मामांच्या टेबलावर बसलं होतं. त्याने पास केलेल्या तीन मोटरी परत आल्या, त्याचा आनंद मानावा की काय ते मला कळेना. मामा खिडकीशी बसायचे. फार कमी बोलायचे, कारण आपला आवाज किती मोठा निघतोय याचा अंदाज त्यांना येत नव्हता आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. एकदा फ्रिजवर तळहात ठेवून बराच वेळ उभे होते. काय करताय, मी हाताने विचारलं. 'चालू आहे,' ते म्हणाले.

वहीत मामीची पानं असायची. मी वाचायला नको होती, पण उघडीच पडलेली असायची. एका पानावर फक्त एवढंच होतं, नऊ वर्षं का नाही सांगितलंत. त्याचं उत्तर मामांनी माझ्यासमोरच दिलं, तोंडाने, मोठ्याने, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असं. 'तू बोलायची थांबली असतीस.' मामी दारात उभी होती. 'रात्री तुझा श्वास मानेला लागायचा,' ते म्हणाले. 'लागला की मी हुं म्हणायचो.'

मामी आत गेली. भांडी घासायचा आवाज आला, मग नुसताच नळ वाहत राहिला.

दहाव्या दिवशी आम्ही तिघं पुन्हा त्या खोलीत. बाईंनी दुर्बिणीखाली पट्टी काढली, इंचाइंचाने, लांबच लांब, एवढी त्या कानात मावली कशी असं वाटावं इतकी. मग त्यांनी तो काटा आपटला आणि कपाळावर ठेवला.

मामांनी डोळे मिटले. मी मनात मोजायला लागले. चारपर्यंत आले आणि त्यांचा डावा हात वर आला.

मी भिंत धरली. मामीने डोळ्यांवर हात घेतले. आतला कान जिवंत होता. पण बाईंचा चेहरा बदलला नव्हता. त्यांनी काटा पुन्हा आपटला आणि आता कुठेही न टेकवता डाव्या कानाशेजारी नुसता धरला. मामांचे डोळे मिटलेलेच. हात मांडीवर. काटा आणखी जवळ आला, केसांना लागेल इतका. हात मांडीवरच होता. बाईंनी एक कागद आडवा धरून त्यामागून त्यांच्या नावाने हाक मारली, मग मोठ्याने, मग ओरडून.

'काहीतरी हललं,' मामा डोळे मिटूनच म्हणाले. 'पण काय ते कळलं नाही.'

बाईंनी खुर्ची आमच्याकडे वळवली. पडद्याला मोठं भोक आहे, आतल्या हाडांची साखळी निसटली आहे. सहा महिन्यांनी दुरुस्तीचा प्रयत्न करता येईल, कितपत जमेल सांगता येत नाही. कान ओला आहे तोवर कानात घालायचं यंत्रही लावता येणार नाही, आणि हाडावर लावायचं यंत्र जखम भरल्यावरच बघता येईल. 'हाडातून ऐकतील,' त्या म्हणाल्या. 'मोटरीला दांडी लावली तर पूर्वीइतकंच ऐकतील, ते काम जाणार नाही. माणसाचं बोलणं मात्र पोचणार नाही. निदान आत्ता तरी.'

मामीने हे सगळं नीट ऐकून घेतलं. पर्स मांडीवर सरळ केली.

'म्हणजे मोटरीचं ऐकणार आणि माझं नाही,' ती म्हणाली. 'मग बदललं काय?'

बाईंना आधी हसू फुटलं, त्यांनी ते आवरायचा प्रयत्न केला. मग मला फुटलं, दहा दिवसांचं साठलेलं, वाईट, रडण्यासारखं हसू. मामी पण हसत होती, माझ्याकडे बघून, दहा दिवसांत पहिल्यांदा. हसता हसता तिचे खांदे वेगळेच हलायला लागले आणि तिने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले.

मामा एकेकीकडे बघत होते. त्यांनी डोळे उघडले तेव्हा बोलणं संपलं होतं आणि आता एका तोंडावर हात होते.

'काय म्हणाली?' त्यांनी मला विचारलं. मी वही घेतली. पेन्सिल टेकवली आणि मला ते वाक्य लिहिता येईना.

'काय म्हणाली ती?'

मी मान हलवली. मामा खुर्चीतून उठले, भोवळ आली म्हणून टेबलाला धरून थांबले, आणि तसेच धरत धरत मामीपर्यंत आले. तिच्यासमोर वाकून त्यांनी तिच्या तोंडावरचा एक हात काढला, मग दुसरा काढला, आणि तिच्या ओठांवर नजर लावून उभे राहिले.

'परत म्हण,' ते म्हणाले.